आपलं नाव कुणाच्या वहीत?

'रेड डेड रिडेम्प्शन २' खेळलेल्यांना त्यातलं जनरल स्टोअर आठवत असेल. साल १८९९. लाकडी फळ्यांची जमीन, काउंटरवर जाडजूड कॅटलॉग, भिंतभर डबे आणि बाटल्या. आपण आत शिरतो, फळीवरून एखादा डबा उचलतो, डॉलर मोजतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. गेम बनवणाऱ्यांनी त्या दुकानावर घेतलेली मेहनत दिसते. पण एक वस्तू त्यांनी वगळली आहे, आणि माझ्या मते त्या दुकानातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच होती. उधारीची वही.

गंमत म्हणजे त्या वहीची सावली गेममध्ये आहे. तिथे 'ऑनर' नावाची एक पट्टी असते. लोकांशी नीट वागलात की ती वर सरकते आणि मग दुकानात वस्तू स्वस्त मिळतात. म्हणजे तुम्ही माणूस कसे आहात हे दुकानदाराला कुठून तरी कळलेलं आहे आणि त्यावरून तो भाव ठरवतो. गेममध्ये हे छान वाटतं. हीच पट्टी कुणी आपल्या खऱ्या आयुष्यावर लावली तर? समोरचा आपल्याला ओळखतो म्हणून भाव बदलणं हे चांगलं की वाईट? एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या लहान गावांनी या प्रश्नाची दोन्ही उत्तरं पुरेपूर भोगली आहेत. म्हणून आधी त्या दुकानात एकदा जाऊन येऊ.

काउंटरच्या अलीकडे

पहिली गोष्ट, फळीवरून डबा उचलायची सोय नव्हती. माल काउंटरच्या मागे. तुम्ही मागायचं, दुकानदाराने काढून द्यायचं. गिऱ्हाइकाने स्वतः हिंडून टोपलीत माल भरण्याची पद्धत अमेरिकेत रुजायला सुरुवात झाली ती १९१६ साली, मेम्फिसमधल्या 'पिगली विगली' या दुकानापासून. त्याआधी तुम्हाला काय हवंय हे काउंटरपलीकडच्या माणसाला मोठ्याने सांगावंच लागे, आणि शेगडीभोवती बसलेल्या चार रिकामटेकड्यांनाही ते ऐकू जाई.

दुसरी गोष्ट, रोकड फारशी नसायची. शेतकऱ्याच्या हातात पैसा यायचा वर्षातून एकदा, पीक विकल्यावर. मीठ, कापड, खिळे, काकवी, औषध हे मात्र बारा महिने लागणार. म्हणून दुकानदार वहीत लिहून ठेवायचा. मधल्या काळात घरातल्या बायका लोणी आणि अंडी घेऊन येत, ती त्यांच्या नावावर जमा होत. हिशेब मिटायचा सुगीनंतर. म्हणजे गावातली बरीचशी खरेदी ही खरेदी नव्हतीच, ते वर्षभर चालणारं कर्ज होतं.

तिसरी गोष्ट, अनेक दुकानांत वस्तूवर भाव लिहिलेला नसे. जे लिहिलेलं असे ते गिऱ्हाइकासाठी नव्हतं. दुकानदार दहा अक्षरांचा, एकही अक्षर पुन्हा न येणारा शब्द निवडत आणि प्रत्येक अक्षराला एक आकडा देत. समजा शब्द आहे 'रिपब्लिकन'. इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, असं करत शेवटचं म्हणजे शून्य. मग पंचाहत्तर सेंटला पडलेल्या वस्तूच्या चिठ्ठीवर 'आय' आणि 'बी' ही दोन अक्षरं लिहिली जात. दुकानदाराला आपली खरेदी किंमत कळे, तुम्हाला काहीच कळत नसे. मग तो तुमच्याकडे बघून भाव सांगे. तुम्ही कोण, शेत केवढं, मागची उधारी फेडली का, पितां का, घासाघीस करण्याइतके हुशार आहात का, हे सगळं त्या भावात मिसळलेलं असे.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं आहे, त्यामुळे मला हे वाचताना एकच दिसतं. एकच डेटाबेस, त्यात लिहिण्याचा आणि वाचण्याचा अधिकार एकाच माणसाला, आणि माहिती मात्र सगळ्या गावाची.

ओळखीची माया

पण हे चित्र इतकं काळं रंगवून थांबलो तर खोटं ठरेल. ओळखीमुळे माणसं तरून जात, हेही तितकंच खरं आहे. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अब्राहम लिंकनचं.

१८३३ साली इलिनॉयमधल्या न्यू सेलम या छोट्या गावात लिंकनने विल्यम बेरी नावाच्या भागीदाराबरोबर जनरल स्टोअर विकत घेतलं. पैसे जवळपास नव्हतेच, व्यवहार झाला तो वचनचिठ्ठ्यांवर. दुकान चाललं नाही. १८३५ च्या जानेवारीत बेरी वारला आणि सुमारे अकराशे डॉलरचं कर्ज लिंकनच्या डोक्यावर राहिलं. त्या कर्जाला तो थट्टेने 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा. एका धनकोने कोर्टातून त्याचा घोडा आणि जमीन मोजणीची उपकरणं जप्त करून लिलावात काढली. मोजणी हाच तेव्हा त्याच्या पोटापाण्याचा आधार होता. लिलावात जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती उपकरणं विकत घेतली आणि लिंकनला परत दिली. लिंकनने पुढे अनेक वर्षं ते सगळं कर्ज फेडलं.

आज एखाद्या यंत्रणेला विचारलं असतं, की पंचविशीतला तरुण, धंदा बुडालेला, भागीदार मेलेला, मालमत्ता जप्त, याला उधार द्यावं का? तिने क्षणात नाही म्हटलं असतं, आणि आकड्यांच्या हिशेबाने ते बरोबरच ठरलं असतं. शॉर्टकडे आकडे नव्हते, त्याला फक्त माणूस माहीत होता. ओळखीच्या बाजूने यापेक्षा चांगला पुरावा मला देता येणार नाही. आपल्याकडेही लॉकडाऊनमध्ये, पगार थांबलेले असताना, कितीतरी घरांची चूल कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या वहीवर पेटत होती. तेव्हा कुठल्याच ॲपने 'असू द्या, नंतर द्या' म्हटलं नव्हतं.

बघणाऱ्याकडेही कुणी बघतंय

गावाची वही ठेवणारा दुकानदार स्वतः मात्र न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल आणायचा. त्या व्यापाऱ्यांना इलिनॉयमधला हा माणूस कसा माहीत असणार? १८३७ च्या आर्थिक संकटात अशी उधारी बुडून मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्यांत आर्थर आणि लुइस टॅपन या भावांची रेशमाची पेढीही होती. मग १८४१ साली लुइस टॅपनने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील तिचे वार्ताहर झाले. आपल्या भागातल्या दुकानदारांविषयी ते न्यूयॉर्कला लिहून कळवत. भांडवल किती, जमीन किती, आणि त्याबरोबरच माणूस दारू पितो का, बायको कशी आहे, कष्टाळू आहे की उधळ्या. हे सगळं जाडजूड वह्यांत उतरवलं जाई. वर्गणीदार व्यापारी कचेरीत येत आणि त्यांना हवी ती नोंद वाचून दाखवली जाई. ज्याच्याबद्दल ती नोंद आहे, त्या दुकानदाराला मात्र आपल्याविषयी काय लिहिलंय हे कळायला काही मार्ग नव्हता. पुढे या एजन्सीच्या वार्ताहर वकिलांमध्ये लिंकनही होता. ती एजन्सी आज 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' या नावाने चालू आहे.

टॅपन खलनायक नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. तो गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. 'अमिस्ताद' जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांसाठी कोर्टात लढण्याची व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्यांत तो पुढे होता. लोकांवर नजर राहिली तर ते प्रामाणिक आणि वेळेचे पक्के होतील, असं त्याला मनापासून वाटे. चांगल्या हेतूने उभारलेल्या व्यवस्थेतही नोंद ज्याची आहे त्याला तीत जागा नसते, हे मला इथे अस्वस्थ करतं. हेतू चांगला होता म्हणून वही कुणाला वाचू द्यायची, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

कापूस एक, वह्या दोन

ओळखीचं सगळ्यात क्रूर रूप दिसलं ते अमेरिकेच्या दक्षिणेत. १८६५ साली यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी गेली. मुक्त झालेल्या लाखो कृष्णवर्णीयांकडे जमीन नव्हती, म्हणून ते दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू लागले. पीक येईपर्यंत खायचं काय? गावातल्या दुकानातून उधार आणायचं, आणि तारण म्हणून अजून शेतात उभंही न राहिलेलं पीक लिहून द्यायचं. दुकानात दोन भाव असत, रोखीचा आणि उधारीचा. रॉजर रॅन्सम आणि रिचर्ड सच या इतिहासकारांनी १८८० च्या दशकातल्या जॉर्जियाचे आकडे तपासून काढलेला हिशेब सांगतो, की या दोन भावांतल्या फरकाचं वार्षिक व्याज काढलं तर ते साठ टक्क्यांच्या आसपास जातं.

सुगीनंतर कापूस दुकानदाराकडे जाई, वही उघडली जाई आणि बहुतेकदा 'अजून एवढे बाकी' असं ऐकू येई. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. त्यामुळे वहीत काय लिहिलंय हे तपासायचं कसं? आणि बाकी असताना दुसऱ्या दुकानात जायचं कसं? इथेही दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने, घरादारासकट ओळखत होता. या ओळखीतून शॉर्टची माया मात्र आली नाही.

आता याच कापसाचा धागा धरून आपल्याकडे येऊ, कारण तो खरोखरच इथपर्यंत पोचतो. १८६१ ते १८६५ च्या युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जाचा ओघ आटला, त्यातच सरकारने सारा वाढवला. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून एक परिच्छेद वाचतो, तो याच्या पुढचा भाग. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं.

त्या दंग्यांत माणसांवर हात कमी उचलला गेला, कागदांवर जास्त. लोक मागत होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. मिळाल्या की त्या जाळत. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये हा दामदुपटीचा रिवाज सावकारांनी मोडीत काढला होता. रोख्याची मुदत तीन वर्षांचीच, असा कायदा सरकारने १८५९ साली केला होता, तो रयतेला आधार म्हणून. सावकाराने त्यातूनही वाट काढली. दर तीन वर्षांनी जुनं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहायचा आणि खाली शेतकऱ्याची निशाणी घ्यायची. आपल्याला वाचता न येणारा कागद आपल्यावर राज्य करतो आहे, हे त्या शेतकऱ्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं.

दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्यातल्या दोन तरतुदी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार मिळाला. दुसरी, शेतकऱ्याला पैसे दिल्याची पावती, वर्षाचा लेखी हिशेब आणि मागितल्यास स्वतःजवळ ठेवायचं खातेपुस्तक मिळण्याचा हक्क. म्हणजे ज्या वहीसाठी गावं पेटली, तिची प्रत ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्या हातात. कायदा सावकारी संपवू शकला नाही. पण प्रश्न नेमका कुठे आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

न ओळखणाऱ्याचा आदर

अमेरिकेत या कोंडीवर एक वेगळाच उतारा आला, टपालाने. १८७२ साली शिकागोच्या 'माँटगोमेरी वॉर्ड'ने एका कागदावर भावांची यादी छापून खेडोपाडी पाठवली. पुढे 'सीअर्स' आली. १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिचा कॅटलॉग पाचशे पानांच्या पुढे गेला होता. १८९६ पासून खेड्यांत घरपोच टपाल सुरू झालं आणि दुकानदार हवालदिल झाले. कॅटलॉग जाळण्याचे प्रकारही झाले. इथे जाळणारे कोण आणि सुप्यात कोण, हे बघण्यासारखं आहे.

कॅटलॉगला तुम्ही कोण हे माहीत नव्हतं. त्यात छापलेला भाव गोऱ्यालाही तोच आणि काळ्यालाही तोच. दक्षिणेतल्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आधी गोऱ्यांचं होईपर्यंत थांबावं लागे आणि कमी प्रतीचा माल गळ्यात मारला जाई. त्या माणसासाठी शिकागोतल्या अनोळखी कारकुनाचं 'मला तुमच्याशी घेणं नाही, पैसे पाठवा, माल घ्या' हे कोरडं वागणं म्हणजे मानाची वागणूक होती. बऱ्याच गावांत टपाल कचेरीही दुकानातच असे. म्हणून पत्र आणि पैसे सरळ घरी येणाऱ्या टपालवाल्याकडे द्या, अशी सूचना कॅटलॉगमध्ये छापलेली असे.

'पूर्वी दुकानदाराशी नातं असायचं, आता सगळं यांत्रिक झालं' असं कुणी हळहळत म्हणालं, की मला हे आठवतं. नातं कुणाशी होतं आणि काउंटरच्या कुठल्या बाजूने ते गोड लागत होतं, हे विचारायला हवं. आपल्याकडेही सगळ्यांना दुकानाच्या पायरीवर सारखाच प्रवेश नव्हता, हे विसरून चालणार नाही.

मग आता आपण कुठे?

१८९९ साली अटलांटामध्ये 'रिटेल क्रेडिट कंपनी' सुरू झाली. कोण गिऱ्हाईक उधारी फेडतं याच्या नोंदी ती दुकानदारांना विकायची. आज आपण तिला 'इक्विफॅक्स' म्हणून ओळखतो. म्हणजे गावातल्या वह्या एकत्र शिवून त्यांची एक मोठी वही झाली. आपल्याविषयी त्यात काय आहे हे जाणण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क अमेरिकी माणसाला कायद्याने मिळायला १९७० साल उजाडलं. भारतात असा कायदा २००५ साली आला. आता प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. माझ्या ओळखीतल्या, उत्तम पगार असलेल्या कितीतरी मुलामुलींनी तो एकदाही मागवलेला नाही. स्कोअरचा आकडा पाठ, त्याखालचं पान न वाचलेलं.

आणि ही झाली फक्त कायद्याच्या नजरेतली वही. बाकीच्या वह्या आपल्या खिशात आहेत. २०२० च्या सुमारास झटपट कर्ज देणारी काही ॲप्स फोनमधली नावांची यादी उचलत आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करून बदनामी करत. ते जनरल स्टोअरच होतं. गावासमोर अब्रू काढण्याची तीच ताकद, फक्त गावात राहायची अडचण नाही. शेवटी २०२२ साली रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲप्सना फोनमधल्या यादीला हात लावायला मनाई केली.

जुन्या दुकानदाराला निदान एक किंमत मोजावी लागे. त्याने चुकीच्या माणसाला नाडलं, तर रविवारी चर्चमध्ये तोच माणूस समोर बसलेला असे. त्याच्याविषयी लोक बोलत, आणि त्याची उधारीही बुडू शके. आजची यंत्रणा माझ्याविषयी चुकली तर तिला काहीच सोसावं लागत नाही, आणि बहुतेकदा ती चुकली हे तिला कळतही नाही. तिला दुकानदाराइतकी माहिती आहे आणि कॅटलॉगइतका कोरडेपणा आहे. शॉर्टचा शेजारधर्म आणि कॅटलॉगचा समान भाव, या दोन्ही चांगल्या गोष्टी मात्र वाटेत गळून पडल्या.

म्हणून 'ओळख चांगली की अनोळख' हा वाद मला आता अपुरा वाटतो. ओळख असो, पण ज्या पानावर मी आहे ते मला वाचता यावं. त्यातलं खोटं असेल तर खोडून घेता यावं. पटलं नाही तर शेजारच्या दुकानात जाता यावं. ही मागणी १८७९ च्या कायद्यातल्या खातेपुस्तकापेक्षा जास्त नाही. ज्या वहीत हे होत नाही ती कितीही सोयीची असली तरी अन्यायाची आहे, असं मी म्हणेन. आणि हे म्हणताना मला माहीत आहे, की अशा वह्या बांधणारे हात आज माझ्यासारख्यांचेच आहेत. एखाद्या फीचरच्या मीटिंगमध्ये 'युजरला हे दिसणार का?' असं विचारणं अवघड नसतं. बहुतेक वेळा तो प्रश्न वेळापत्रकात बसत नाही, एवढंच.

सुप्याच्या शेतकऱ्यांना आपलं पान बघण्यासाठी दुकानावर चालून जावं लागलं. तुम्हाला एक फॉर्म भरावा लागेल. या आठवड्यात तो भरा, अहवाल मागवा, आणि सावकाशीने वाचा. तुम्ही न घेतलेलं एखादं कर्ज तुमच्या नावावर असेल, तर तक्रार करण्याची जागा त्याच पानावर दिलेली असते.